रस्त्याची आंखणी आणि सोपाऱ्याची भूमि

वसई तालुक्याच्या दोन्ही अंगांस मोठे मार्ग येऊं घातले आहेत, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पूर्वेकडे नवघर येथून निघून पेणमार्गें अलिबागेकडे जाणारा सुमारे १२६ किलोमीटर लांबीचा विरार-अलिबाग बहुउद्देशीय मार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळानें हातीं घेतला आहे. पश्चिमेकडे उत्तन ते विरार असा समुद्रसेतु मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानें योजिला आहे. त्याचा मुख्य सेतु २४ किलोमीटरांहून थोडा अधिक, आणि उत्तन, वसई व विरार ह्या तीन ठिकाणीं त्यास जमिनीशीं जोडणारे मार्ग मिळून ३० किलोमीटरांहून अधिक. एकटा विरारचा जोडमार्गच सुमारे १९ किलोमीटरांचा आहे. ह्या सेतूचा अंदाजी खर्च प्रथम ८७ हजार कोटी रुपयांच्या वर गेला होता. तो २०२५ सालीं कमी करून ५८ हजार कोटींच्या घरांत आणण्यांत आला. ह्या दोहोंच्या मध्यें अहमदाबादचा महामार्ग आहेच.

आरंभींच सांगून टाकतों कीं, आम्ही रस्त्याचे शत्रु नाहीं. पहाटे तोडलेलीं फुलें दादरच्या बाजारांत वेळेवर पोंचलीं नाहींत तर दुपारीं त्यांस कोणी विचारीत नाहीं; पालेभाजीची तीच गत. २०२४ सालीं महामार्गावर काँक्रीटचा थर घालण्याचें काम चाललें असतां गाड्या तासन् तास खोळंबून राहत, त्या दिवसांतील नुकसानीचा हिशेब ज्यानें त्यानें आपापल्या घरीं केला असेलच. जो कास्तकार रस्ताच नको म्हणतो त्यानें एकदां टोपली डोक्यावर घेऊन बाजार गांठून पाहावा. आमच्यांतल्याच कित्येकांस रस्ता हवा आहे तो माल नेण्यासाठीं नसून जमिनीचा भाव चढावा म्हणून हवा आहे, हेंही आम्ही जाणतों. ज्याच्या मुलांनीं शेती सोडली त्यास जमीन विकूं नको असा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आमचें म्हणणें निराळें आहे, व तें रस्ता व्हावा कीं न व्हावा ह्याविषयीं नसून त्याची रेघ कोण, केव्हां आणि काय पाहून ओढतो ह्याविषयीं आहे.

मोठ्या मार्गाची रेघ निदान नकाशावर तरी दिसते. सूचना निघते, हरकती मागवितात, मोजणीदार येतात. परंतु मोठा मार्ग आला म्हणजे त्यास जाऊन मिळावयास गांवोगांवचे लहान रस्ते रुंद करावे लागतात, आणि त्यांची वार्ता कोणासच नसते. एक वळण सरळ केलें जातें, तळ्याचा एक कोपरा भरला जातो, बांधावरची देवळी चार हात मागें सरते, आणि हें सर्व ‘सुधारणा’ ह्या एका शब्दाखालीं खपून जातें. सेतूचा वा महामार्गाचा मुख्य भाग सोपाऱ्यास शिवो वा न शिवो. त्याकडे धांवणाऱ्या वाहनांस वाट हवी म्हणून सोपारें, गास, निर्मळ, भुईगांव ह्या गांवांतील रस्त्यांवर एक दिवस फीत धरली जाणार, ह्याविषयीं आम्हांस शंका वाटत नाहीं. त्या दिवसापूर्वीं ही भूमि काय आहे ह्याचा विचार झाला पाहिजे.

मुंबईहून येणारा मनुष्य नालासोपाऱ्यास उतरतो तो गर्दीचें एक रेल्वे स्थानक म्हणूनच. परंतु शूर्पारक हें ज्याचें जुनें नांव, ग्रीक भाषेंतील ‘पेरिप्लस’ नांवाच्या नाविकग्रंथांत व टॉलेमीच्या भूगोलांत ज्याचा उल्लेख आहे, तें बंदर हेंच. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं येथील ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा उंचवटा उकरविला. कोट तर निघाला नाहींच. निघाला विटांचा बौद्ध स्तूप, आणि त्याच्या पोटांत पाषाणाचा मोठा करंडा. करंड्यांत एकांत एक अशा डब्या होत्या: तांब्याची, रुप्याची, दगडाची, स्फटिकाची आणि सर्वांच्या आंत सोन्याची, आणि त्या सोन्याच्या डबींत काय, तर मातीच्या पात्राचे बारीकसे तुकडे. भोंवतीं कांशाच्या लहान लहान मूर्ति मांडलेल्या होत्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. त्याच वर्षीं भाटेला तळ्याजवळ सम्राट् अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा हातीं लागला. पुढें १९५६ सालीं नवव्या शासनाचा तुकडा सांपडला, तो मात्र सोपाऱ्यांत नव्हे, भुईगांवांत. वाचकांनीं ही गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. स्तूप एका जागीं, एक शिलालेख तळ्याच्या कांठीं, दुसरा निराळ्याच गांवांत. म्हणजे प्राचीन सोपारें ही कुंपण घालून दाखविण्याजोगी एक वास्तु नव्हे, तो एक मुलूखच्या मुलूख आहे, आणि आज त्यावर आमच्या वाड्या, विहिरी व घरें आहेत.

त्या आठव्या शासनांत काय सांगितलें आहे, हें आमच्या विषयाशीं फार निगडित आहे. पूर्वींचे राजे शिकारीसाठीं व करमणुकीसाठीं फिरावयास निघत. अशोकानें तें सोडून धर्मयात्रा सुरू केली, आणि त्या यात्रेंत करावयाच्या गोष्टींत ब्राह्मण-श्रमणांचें दर्शन व वृद्धांस दान ह्यांबरोबर खेड्यापाड्यांतील लोकांस भेटणें व त्यांस विचारपूस करणें हेंही नमूद केलें आहे. सम्राटास जें कमीपणाचें वाटलें नाहीं तें आंखणी करणाऱ्या अधिकाऱ्यांस वाटूं नये. रस्त्याच्या कडेस वृक्ष लावणें व विहिरी खणणें हीं कामें अशोकानें आपल्या दुसऱ्या शासनांत सांगितलीं आहेत, हेंही येथेंच लिहून ठेवतों; कारण ‘पुराणवस्तु म्हणजे रस्त्यास आडकाठी’ अशी जी समजूत झाली आहे ती मुळांतच चुकीची आहे.

सोपारें रस्त्यावरच जगलें. येथें उतरलेला माल घाट चढून देशावर जाई व देशावरचा माल येथें येऊन जहाजांत भरला जाई. नाशिकच्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात ह्याचा जो लेख कोरलेला आहे, त्यांत भडोच, दशपुर, गोवर्धन आणि सोपारें येथें त्यानें चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी, तळीं व बागा करविल्या असें सांगितलें आहे. तापी, दमण, डहाणू इत्यादि नद्यांवर त्यानें होड्या ठेविल्या, त्यांनीं पैसे न घेतां लोकांस पार न्यावें अशी व्यवस्था केली, आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया घातल्या. बिगर टोलाची वाहतूक ह्या किनाऱ्यानें अठराशेंहून अधिक वर्षांपूर्वीं पाहिली आहे, असें म्हटलें तर कोणी रागावूं नये. सांगण्याचें तात्पर्य एवढेंच कीं, जुन्या लोकांनीं वाट काढतांना तळें, विहीर व बाग हीं वाटेचीच अंगें मानलीं. आजच्या आंखणींत तीं वाटेंतलीं अडचण म्हणून गणलीं जातात.

आतां जमिनीच्या स्वभावाकडे वळूं, कारण खरी मेख तेथें आहे. वसईच्या पश्चिम पट्टींत समुद्रालगत रेताड जमिनीचा उंच कणा आहे. त्यावर केळी, पानवेल, फुलें व भाजी ह्यांच्या वाड्या. त्याच्या पूर्वेस भाताचीं सखल खाचरें व खाजणें, आणि पलीकडे तुंगारेश्वराचे डोंगर. उत्तरेस वैतरणा व दक्षिणेस वसईची खाडी. ह्या दोहोंस जोडणारी सोपाऱ्याची खाडी पूर्वीं मधून वाहत होती, व त्या काळीं वसई हें बेटच होतें. ती खाडी गाळानें भरत गेली तसतसें बंदर मेलें व खाचरें वाढलीं. म्हणजे आज आपण जेथें आवण लावतों तेथें कधींकाळीं गलबतें नांगरत असत.

अशा मुलखांतून रस्ता न्यावयाचा म्हणजे इंजिनियर काय शोधील? उंच आणि घट्ट जमीन. खाजणाच्या मऊ चिखलावर भराव टाकला तर तो वर्षानुवर्षें खचत राहतो, म्हणून रेघ आपोआप उंचवट्याकडे वळते. त्यांत त्याचा कांहीं दोष नाहीं. परंतु सखल मुलखांत हे उंचवटे आले कोठून? त्यांतील पुष्कळसे माणसांनींच घडविलेले आहेत. शेंकडों वर्षें घरावर घर, चुलीवर चूल, विटांवर विटा पडून जी पांढरी चढते, तोच तो उंचवटा. काळी आणि पांढरी हा भेद आमच्या वाडवडिलांनीं उगीच केला नाहीं. काळी पिकविण्याची, पांढरी वसण्याची. भरावासाठीं मातीच्या शोधांत निघालेला ठेकेदारही त्याच पांढरीवर येऊन थांबतो, कारण ती कोरडी, भुसभुशीत व हाताशीं असते. बुरुड राजाचा कोट टिकला तो कायद्यानें नव्हे. तेथें राजाचा कोट आहे अशी गोष्ट लोक आपल्या नातवंडांस सांगत राहिले म्हणून टिकला. ज्या उंचवट्यास अशी गोष्ट चिकटली नाहीं, त्यास वाचविणारा कोणी नाहीं. जुन्या सोपाऱ्यास धोका आहे तो कोणाच्या द्वेषाचा नसून केवळ सोयीचा आहे, आणि सोयीनें होणारा नाश थांबविणें हें द्वेषानें होणाऱ्या नाशाहून कठीण असतें.

सोयीची रेघ जसें जुनें गांव खाते, तसेंच ती पाणीही अडविते. डोंगरावरचें पाणी नाल्यांनीं उतरतें खरें, परंतु सखलांत आल्यावर तें नाल्यांत राहत नाहीं. तें सबंध शिवारभर पसरून चादरीसारखें हळूहळू खाडीकडे सरकतें. भरतीच्या वेळीं उघाड्या बंद असतात, तेव्हां तें पाणी चार-सहा घटका शेतांतच थांबतें आणि ओहोटी लागली म्हणजे निघून जातें. ही त्याची थांबण्याची जागा आहे. भरावाचा रस्ता आडवा घातला आणि जेथें नकाशावर नाला दिसतो तेथेंच मोरी ठेविली, म्हणजे चादरीस एका भोंकांतून ओढण्यासारखें होतें. वरच्या अंगास लावणी कुजते, खालच्या अंगास गोड पाण्यावांचून खारेपणा वर चढतो. जुलै २०१८ मध्यें नालासोपारा-विरार दरम्यान रेल्वे पाण्याखालीं जाऊन गाड्या बंद पडल्या, मिठागरांत लोक अडकले, हें कोणी विसरलें नसेल. पाण्यास थांबावयास जागा राहिली नाहीं म्हणजे तें घरांत येऊन थांबतें.

येथेंच बावखलांची गोष्ट आली. वाडीच्या कोपऱ्यांत खोदलेलें हें गोड पाण्याचें तळें वसईच्या बागाइताचा प्राण. पावसाचें पाणी तें जिरवितें, विहिरींचें पाणी गोड ठेवितें, समुद्राचा खार मागें रेटतें. त्यावर पूर्वीं रहाट फिरत. शहरांसाठीं टँकर भरभरून विहिरींचें पाणी उपसलें गेलें, तेव्हां कित्येक विहिरी मचूळ झाल्या. आणि नेमक्या त्याच सुमारास आम्ही आपल्याच हातांनीं बावखलें बुजवूं लागलों, कारण बुजविलेल्या बावखलाचा भाव पाण्यानें भरलेल्या बावखलाहून अधिक येतो. रस्ता रुंद करणाऱ्यास तर तें पडीक डबकेंच वाटतें. सातबाऱ्यावर जें पीक म्हणून नोंदलें जात नाहीं, त्याची किंमत संपादनाच्या निवाड्यांतही धरली जात नाहीं. आंब्याच्या झाडाची किंमत मिळेल, विहिरीची मिळेल. दहा विहिरींस गोड ठेवणाऱ्या बावखलाची मात्र पड जमिनीच्या भावानें बोळवण होईल. हा व्यवहार आम्हांस मान्य नाहीं.

कोणी म्हणेल, पुराणवस्तूंसाठीं कायदा आहे ना? आहे, परंतु तो काय राखतो तें पाहावें. १९५८ च्या प्राचीन स्मारकें व पुराणवस्तुस्थळें अधिनियमास २०१० सालीं जी सुधारणा झाली, तिच्यामुळें केंद्रसंरक्षित स्मारकाच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम निषिद्ध झालें व त्यापुढील २०० मीटरांत तें परवानगीनें करावें असें ठरलें. सार्वजनिक कामांस ह्या निषिद्ध पट्ट्यांत मोकळीक द्यावी असें विधेयक जानेवारी २०१८ मध्यें लोकसभेनें मंजूर केलें होतें. राज्यसभेनें तें प्रवर समितीकडे पाठविलें व तें कायदा झालें नाहीं, हें बरें झालें. पण ही सर्व तरतूद ज्यास आधींच संरक्षित म्हटलें आहे त्याच्यापुरती. स्तूपाभोंवतीं वर्तुळ काढतां येतें. भुईगांवच्या वाडींत जो शिलालेख निघाला, तो निघण्यापूर्वीं त्याभोंवतीं कोणतें वर्तुळ होतें? वसईच्या किल्ल्याचीही गोष्ट पाहा. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं घेतलेला हा किल्ला संरक्षित आहे, तरी त्याच्या पोटांतून रस्ता जातो, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें वसई-भाईंदर रो-रो नौका सुरू झाल्यापासून धक्क्याकडे वाहनें वळलीं. वर्तुळ काढल्यानें रहदारी थांबत नाहीं, ती फक्त त्याच्या आंतील जुन्या वाटेवर दाटते.

भूसंपादनाच्या कायद्याकडून आशा करावी, तर तेथेंही दार अर्धवट लोटलेलें आहे. २०१३ च्या कायद्यानें संपादनापूर्वीं सामाजिक परिणामांचा अभ्यास व्हावा असें ठरविलें. परंतु राष्ट्रीय महामार्गांच्या कायद्याखालील संपादन त्यांतून वगळलें, आणि २०१८ च्या राज्य सुधारणेनें महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, १९५५ ह्यासही तीच सवलत दिली. मोबदला नव्या कायद्याप्रमाणें मिळतो, त्याविषयीं तक्रार नाहीं. पण ज्या अभ्यासांत गांवानें बोलावयाचें, तोच गळला. रक्कम किती हें विचारतात, रेघ कोठून हें विचारीत नाहींत.

आतां थोडें आपल्याच माणसांविषयीं बोललें पाहिजे, व तें कडू आहे. विहीर खणतांना अगर पाया काढतांना रुंद विटांची भिंत लागली, नाणें निघालें, कोरीव दगड निघाला, तर आमच्याकडे काय होतें तें सर्वांस ठाऊक आहे. रातोरात माती ओढली जाते. दगड पायांत जातो, नाणें सोनाराकडे. कारण एकच: सरकारास कळलें तर जमीन अडकेल. ही भीति निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. शंभर मीटरांच्या पट्ट्यांत ज्याचें घर आहे, त्यास मुलाच्या लग्नासाठीं एक खोली वाढवावयाची झाली तर ती वाढवितां येत नाहीं, व साध्या दुरुस्तीसाठींही परवानगीच्या खेपा घालाव्या लागतात. उत्खननानें पिकाचें नुकसान झालें तर भरपाई देण्याची तरतूद १९५८ च्या कायद्यांत आहे. पण बांधकाम बंद झाल्यानें जमिनीचा जो भाव उतरतो, त्याचा एक पैसाही कास्तकाराच्या पदरांत पडत नाहीं. राष्ट्राचा ठेवा राष्ट्रानें राखावा आणि त्याचा खर्च एकट्या गट नंबरवाल्यानें सोसावा, हा न्याय नव्हे.

तथापि लपविण्यानें आपणच फसतों, हेंही उघड आहे. नांगरट, लावणी, बागाईत हें कांहीं त्या कायद्याच्या अर्थानें बांधकाम नव्हे. शंभर मीटरांत शेती चालते. चालत नाहीं ती इमारत. ज्यास शेतीच करावयाची आहे, त्याच्या वाडीखालीं जुनी पांढरी असणें हें त्याच्या वाडीचें कवच आहे. सापडलेल्या ठेव्याविषयीं १८७८ चा निखात निधीचा कायदाही लोक समजतात तितका निर्दय नाहीं. दहा रुपयांवरील किंमतीचा निधि सांपडला तर कलेक्टरास कळवावा लागतो. त्यावर कोणाचा हक्क शाबीत झाला नाहीं व वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सांपडणाऱ्यास आणि एक चतुर्थांश जमीनमालकास, अशी त्यांत वांटणी आहे. सरकारनें तो ठेवून घेतला तर धातूच्या किंमतीवर आणखी पंचमांश देण्याची अट आहे. न कळविणाऱ्याचा मात्र हक्क जातो व वर शिक्षा होते. सोनाराचा भाव ह्याहून बरा असतो असें आम्हांस वाटत नाहीं.

उंचवट्याखालीं काय आहे हें रेघ ओढल्यावर कळलें तर काय होतें, ह्याचे दाखले बाहेर पुष्कळ आहेत. हंपीजवळ आनेगुंदीस जोडणारा तुंगभद्रेवरील पूल घ्या. प्राचीन नगराच्या ऐन अंगांत तो घातल्यामुळें १९९९ सालीं युनेस्कोनें हंपीचें नांव धोक्यांतील वारशांच्या यादींत नेलें, काम थांबलें, २००६ सालीं नांव यादींतून निघालें, आणि पुन्हा हातीं घेतलेला तो पूल जानेवारी २००९ मध्यें बांधकाम चालू असतांच कोसळून मजूर दगावले. एवढीं वर्षें तेथील शेतकरी टोपल्यासारख्या गोल होडींतूनच नदी ओलांडीत राहिला. इंग्लंडांत स्टोनहेंज नांवाचें पाषाणवर्तुळ आहे. त्याच्या अंगावरून ए-३०३ हा वाहता रस्ता जातो. तो रस्ता बोगद्यांतून न्यावा ही कल्पना उत्तम, पण बोगद्याचीं तोंडें वारसाभूमीच्या आंतच पडतात म्हणून वाद माजला. २०२० सालीं मंजुरी, २०२१ सालीं न्यायालयानें ती रद्द केली, २०२३ सालीं पुन्हा मंजुरी, आणि २०२४ सालीं नव्या सरकारनें खर्च झेपत नाहीं म्हणून योजनाच सोडली. रस्ता अरुंद तो अरुंदच. ग्रीस देशांत थेस्सालोनिकी शहरांत भुयारी रेल्वेच्या वाटेंत रोमन व बायझंटाईन काळचा रस्ता निघाला; तंट्यांत व उत्खननांत वर्षें गेलीं, परंतु शेवटीं नोव्हेंबर २०२४ मध्यें रेल्वे सुरू झाली, आणि तो जुना रस्ता स्थानकाच्या आंतच दाखविण्यासाठीं ठेवला गेला. तिन्ही ठिकाणीं पैसा व काळ खर्ची पडला. फरक एवढाच कीं ग्रीकांस शेवटीं दोन्ही मिळालें. त्याच इंग्लंडांत १९९० पासून सामान्य बांधकामांसाठीं अशी पद्धति आहे कीं, जागेची पुरातत्त्वीय तपासणी आधीं व्हावी आणि तिचा खर्च बांधणाऱ्यानें द्यावा. आम्हांस तीच पद्धति येथें हवी.

म्हणून आमच्या संस्थेनें जी मागणी करावयाची ती अशी असावी, असें आम्हांस वाटतें. मोजणी वैशाखांत होते. तेव्हां खाजण म्हणजे मुलांचें क्रिकेटचें मैदान असतें, व पाहणाऱ्यास तेथें पाणी कधीं होतें ह्याची कल्पनाही येत नाहीं. आंखणी करणाऱ्यांनीं एक फेरी आषाढांत, भरतीच्या वेळीं, गांवच्या माणसांस बरोबर घेऊन पायीं करावी. भराव अटळ असेल तेथें मोऱ्या नाल्यापुरत्या न ठेवतां ठरावीक अंतरावर सर्व लांबीभर ठेवाव्या, आणि खोल खाजणांत भराव न घालतां खांबांवरच मार्ग न्यावा; खर्च अधिक होतो हें कबूल, पण ५८ हजार कोटींच्या कामांत कांहीं मोऱ्यांचा खर्च जड वाटूं नये. मुख्य मार्गाबरोबरच त्यास मिळणाऱ्या सर्व गांवरस्त्यांचे नकाशे एकदमच प्रसिद्ध व्हावे, म्हणजे ‘तो रस्ता आमच्याकडे नाहीं, महानगरपालिकेकडे आहे’ अशी टोलवाटोलवी होणार नाहीं. रेघ जेथें उंचवट्यावरून जाते तेथें पुरातत्त्व खात्याकडून आधीं चर खणून पाहावे, त्याचा खर्च रस्त्याच्या अंदाजपत्रकांत धरावा, आणि कांहीं निघालें तर रेघ सरकवावी. कागदावरची रेघ सरकविण्यास खोडरबरच लागतें. बावखलास संपादनांत जलसाधन म्हणून विहिरीच्या वरचढ किंमत द्यावी, अगर जेवढें बुजविलें तेवढें शेजारीं खणून द्यावें.

आणि ज्याची जमीन पुराणवस्तूच्या पट्ट्यांत अडकली, त्यास शहरांतील आरक्षित जमिनीच्या मालकास ज्याप्रमाणें टीडीआर म्हणजे विकासहक्क दुसरीकडे विकण्याची मुभा मिळते, तशी निर्विवाद मिळावी. ह्या एका मागणीवर आम्ही सर्वांत अधिक भर देतों. ती मान्य झाली तर विहिरींत लागलेली भिंत बुजविण्याचें कारणच उरणार नाहीं, आणि सोपाऱ्याखालीं काय आहे तें सांगावयास कास्तकार स्वतः पुढें येईल. ती मान्य होत नाहीं तोंवर कितीही फलक लावले, कितीही व्याख्यानें झालीं, तरी माती रातोरातच ओढली जाईल.

मागणी करावयाची तर तिच्यामागें नोंद हवी. महानगरपालिकेच्या किंवा प्राधिकरणाच्या नकाशांत बावखलें, जुन्या उघाड्या, बुजलेल्या खाडीच्या रेघा व उंचवटे सांपडणार नाहींत. ते आमच्या सभासदांच्या डोक्यांत आहेत, आणि त्यांतील जाणते आतां सत्तरीच्या पुढें गेले आहेत. तरी प्रत्येक सभासदानें आपल्या व शेजारच्या शिवारांतील बावखलें, चालू व मोडक्या उघाड्या, पावसाचें पाणी ज्या दिशेनें सरकतें ती दिशा, आणि विहिरींत वा पायांत लागलेल्या जुन्या विटा-दगड ह्यांची माहिती सर्व्हे नंबरासह साध्या कागदावर लिहून पावसाळ्यापूर्वीं संस्थेच्या कचेरींत पोंचती करावी. ज्यांस विटा-दगडांच्या बाबतींत आपलें नांव देण्याचा संकोच वाटेल, त्यांनीं केवळ शिवाराचें नांव दिलें तरी चालेल. तो कागद आम्ही संस्थेबाहेर जाऊं देणार नाहीं.